खंडेनवमीला धुतलेला राउटर

भूकंपानंतर आमच्या घरात एक नियम आला. डोक्याच्या वर जड काही ठेवायचं नाही. निलंगा तालुक्यातल्या नव्या वसाहतीत घर मिळालं तेव्हापासून भिंतीला फळी नाही, माळ्याचं तर नावच नको. इंटरनेट बसवायला आलेला माणूस राउटर भिंतीवर ठोकायला निघाला, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याचा हात धरला. तळहाताएवढी पेटी आहे, पडली तरी काही होत नाही, असं तो समजावत राहिला. अप्पा म्हणाले, "वर न्हाई. खाली ठिवा." मग देवघराशेजारी एक पाट मांडला आणि राउटर त्यावर बसला.

ते कोरोनाचं वर्ष होतं. भावाची मुलगी लातूरला खोली घेऊन कोचिंगला होती. क्लास बंद पडले आणि ती गाठोडं घेऊन गावी परत आली. शिकवणं त्या पेटीतूनच चालू झालं. दसऱ्याच्या दिवशी अकरा वाजता तिची परीक्षा होती. तीतून निवडक मुलांची वेगळी तुकडी होणार होती आणि पुन्हा परीक्षा घेणार नव्हते. दसऱ्यालाही सुट्टी नाही म्हणून अव्वा, म्हणजे माझी आई, क्लासवाल्यांवर चिडली होती. मी नांदेडला शाळेत शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच, म्हणून परीक्षा म्हटली की सगळे माझ्याकडे बघतात. सणाला मी गावी आले होते.

सकाळी पुतणीनं राउटरची वायर जोडून कॉम्प्युटर लावला. रोजचं वायफायचं नावच यादीत दिसेना. दुसरंच एक नाव दिसत होतं, आकड्यांचं, आणि ते आमचा पासवर्ड घेईना. तिनं चारदा टाकून बघितला. मी राउटर बंद करून चालू केला. एक दिवा लाल, बाकी हिरवे.

"आत्या, काल सकाळी तर चालू होता," ती म्हणाली.

काल खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी विळे, खुरपी, शिवणयंत्र, मोटारीचा पाना सगळं धुऊन पुजतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना विश्रांती देतात. अव्वानं राउटरही वायर काढून त्या रांगेत मांडला होता, ते मी पाहिलं होतं. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं, उलट बरंच वाटलं होतं. आता मी तिला विचारलं, पेटीला नेमकं काय काय केलंस?

"ओल्या फडक्यानं पुसली. इतके म्हयने पोरीला शिकवायली ती, धुवायला नको व्हय? मागं एक बारीक भोक हाय, त्यात माती बसली हुती. वायर काढायच्या आधीच पिनेनं कोरली. चांगली दाबून कोरली."

त्या भोकात बटण असतं. ते दाबून धरलं की पेटी सगळं विसरते आणि कारखान्यातून आली तशी कोरी होते. मी हे सांगितलं तेव्हा अव्वा पाटाकडे बघत खाली बसली. मी तिला म्हटलं, कोरी झाली तर पहिला पासवर्ड तळाच्या कागदावर छापलेला असतो. राउटर उलटा केला. कागदावर भस्माची तीन बोटं ओढलेली होती. पुतणीनं ओढणीच्या टोकानं हळूहळू भस्म पुसलं आणि खालची अक्षरं निघाली. ती टाकल्यावर वायफाय जोडलं गेलं, राउटरचं स्वतःचं पानही उघडलं. पण लाल दिवा लालच. इंटरनेटवाल्यानं दिलेलं लॉगिन पेटीतून गेलं होतं, ते नव्यानं भरायचं होतं आणि आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं.

मोबाइलला आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर. वर जाऊन इंटरनेटवाल्याला फोन लावला. तो माणूस बिचारा पूजेतून उठून फोनवर आला. युजरचं नाव त्यानं सांगितलं, ते मी खाली येऊन भरलं. पासवर्ड मात्र जुळेना. तो म्हणाला, "ताई, मी इथून नवा करतो, नुसते आकडे. तुम्ही लाइनवरच थांबा. टाकला की दिवा सांगा."

भाऊ-वहिनी सोयाबीन काढायला शेतात. मग मी गच्चीवर, अप्पा जिन्यात, अव्वा दारात आणि पुतणी कॉम्प्युटरपाशी. मी म्हणायची "सात", अप्पा म्हणायचे "सात", अव्वा आत सांगायची. मग आतून उलटा निरोप यायचा: लाल. त्यानं तिकडे काहीतरी बदललं. पुन्हा आकडे खाली गेले. पुन्हा लाल.

गच्चीवरून मला जिन्यातल्या अप्पांचं डोकं दिसत होतं. भूकंपाच्या सकाळी ते असेच एका रांगेत उभे होते. एकाच्या हातातला दगड दुसऱ्याच्या हातात, कुणी घाई करत नव्हतं, कुणी हात सोडत नव्हतं. मी लिंबाखाली चादरीत बसून बघत होते. त्या दगडांच्या खाली अव्वा होती. आज ती रांगेच्या मधोमध उभी होती आणि इंग्रजीचं एक अक्षर न येणारी ती माझ्या पुतणीला लांबच्या कुठल्या यंत्राशी जोडून देत होती. एवढं शिकून मला या पेटीचं नवल कधी वाटलं नव्हतं.

"हिरवा," पुतणीचा आवाज आला. मग दारातून अव्वा, "हिरवा." मग जिन्यातून अप्पा, हळूच, "हिरवा झालाय."

परीक्षेचं पान उघडलं तेव्हा अकराला थोडाच वेळ होता. अप्पा पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरपुढं खुर्ची टाकून बसले, कुणी मोटार लावली आणि लाइट गेली तर काय म्हणून. परीक्षा संपेपर्यंत ते पाणी प्यायलाही उठले नाहीत. अव्वा देवघरापाशी, पेटीकडे पाठ करून. त्या पेटीकडे बघायची तिला भीती वाटत होती.

पुतणीचं नाव त्या तुकडीत आलं. मी नांदेडला होते, तिनं गच्चीवरून फोन केला. मागून अव्वाचा आवाज ऐकू आला. पुढच्या खंडेनवमीला पेटी पुजायची की नाही, ते आत्याला विचार म्हणत होती. मी सांगितलं, पुजायची. फक्त फूल वाहा, आणि तेही पुढून.