आबांची संथ नाडी

मी सांगलीत वैद्यकीयच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हृदयाला ठोक्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही, हे मुलांना चटकन पटत नाही. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. बाकीच्या पेशी विसावल्या की हुकमाची वाट बघत बसतात. या मात्र विसावल्या की त्यांच्या भिंतीतली काही दारं आपोआप उघडतात. सोडियम आत झिरपतो, नळाखालच्या कळशीसारखा विद्युतभार चढत जातो, काठाशी आला की ठोका पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. मेंदूतल्या काही पेशींतही याच जातीची दारं असतात.

वर्षानुवर्षं पळणाऱ्यांत ही दारं कमी होत असावीत, म्हणून त्यांची नाडी संथ, असं सांगून मी दरवर्षी माझ्या वडिलांचं उदाहरण द्यायचे.

आबा फौजेतून निवृत्त झाले आणि रहिमतपूरजवळचा आमचा ऊस बघू लागले. दिवाळीला सुट्टीवर आलेले चुलतभाऊ आणि आबा अंगणात नाडीची पैज लावत. ज्याची सगळ्यात संथ, त्याला पहिली करंजी. घड्याळ घेऊन पंच मी. आबा कधी हरले नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्यांची नाडी मिनिटाला छत्तीस भरली. मी टाळ्या पिटून आकडा जाहीर केला.

"फौजी नाडी हाय गड्यांनो," आबा म्हणाले आणि करंजी उचलली.

गुडघ्यांमुळे त्यांचं पळणं सुटून दहा वर्षं झाली होती. सराव सुटला की नाडी पुन्हा वाढायला लागते, हेही मीच शिकवते. पण दिव्याखाली अंधार. परक्या म्हाताऱ्याची छत्तीस भरली असती तर मी त्याला तिथूनच दवाखान्यात नेलं असतं.

पंधरवड्यात आबा उसाला पाणी देताना पाटात कोसळले. शेजारच्या रानातल्या माणसांनी धावत येऊन बाहेर काढलं म्हणून वाचले. तपासणीत निघालं, तो पुंजकाच थकला होता. कळशी भरायला वेळ लागत होता, कधी भरतच नव्हती. डॉक्टरांनी गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवला. दवाखान्यात सगळे मला धीर देत होते आणि मला त्याची लाज वाटत होती.

गेल्या दिवाळीला आबांनी नेहमीसारखा हात पुढे केला. मी मोजली. साठ.

"हरलो की रं," ते हसले आणि करंजी पुतण्याच्या हातात दिली. अंगण रिकामं झाल्यावर मी विचारलं, "आबा, पडायच्या आधी कधी चक्कर आली नव्हती?"

"येत व्हती की. लय दिस."

"मग बोलला का नाही?"

"तुला सांगणारच व्हतो, पोरी. पर तू नाडी मोजलीस अन् टाळ्या वाजवल्यास. म्हटलं, मोजणारीच एवढी खूश हाय, तर चांगलंच आसंल."