नववा पडदा

नोकरीच्या काळात गुन्हे पुष्कळ पाहिले. बहुतेक आता कागदांसारखे पिवळे पडलेत, एक मात्र अजून ताजा आहे. त्या गुन्ह्यात मी आधी चुकलो होतो, म्हणूनही असेल.

तेव्हा मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या सीमेवरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. भाताच्या खाचरांमध्ये शहरातल्या लोकांचे बंगले उभे राहू लागले होते. शनिवार-रविवारी भाड्याने द्यायचे, म्हणून ते सजवायची चढाओढ असे.

एका गुरुवारी सकाळी ठाणे अंमलदार आत आला. म्हणाला, "साहेब, पडदे शिवणारी एक बाई आलीय. तक्रार काय ते धड सांगत नाही. पाठवू का परत?"

मी तिला आत बोलावलं. चाळिशीची, मुरबाडजवळच्या गावातली. एसटी स्टँडच्या मागे तिचं शिवणाचं दुकान होतं. मापं घेणं, शिवणं, भिंतीला भोकं पाडून रॉड बसवणं, सगळं ती एकटी करायची. तिने ड्रिलच्या पिशवीतून एक जुना पडदा काढून माझ्या टेबलावर पसरला.

"साहेब, किन्हवलीच्या बाजूला एक बंगला आहे. तिथलं काम केलं मी. मालकीण म्हातारी बाई, नर्स होती सरकारी दवाखान्यात. पण ती दिसली नाय कुठं. सगळं तिचा भाचाच बघतो."

"मग?"

"त्याने नऊ खिडक्यांचे पडदे सांगितले. आठांची मापं मी घेतली. नवव्या खिडकीच्या खोलीत मला जाऊच दिलं नाय. हा जुना पडदा दिला, म्हणाला याच मापाचा कर, काळं अस्तर लाव आणि चारी बाजूंनी वेल्क्रो शिव."

वेल्क्रो म्हणजे चिकटपट्टी, एवढं मला माहीत होतं. त्यात वावगं काय, ते कळेना.

"साहेब, पडदा सरकवायचा असतो," ती म्हणाली. "चारी बाजूंनी चिकटवला तर तो सरकणार कसा? काळोखच पायजे तर खिडकी विटांनी बुजवतात. आणि हे बघा."

तिने जुन्या पडद्याची खालची कड पुढे केली. ती पिळून पिळून दोरीसारखी झाली होती आणि त्या पिळावर गंजाचे दोन आडवे डाग होते. "कुणीतरी हा गजांतून बाहेर काढून बांधला होता. वाऱ्याने पडदा असा पिळत नाय. मी वीस वर्षं पडदे शिवते."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि एका हवालदाराला घेऊन निघालो. खरं सांगायचं तर मनावर फार घेतलं नव्हतं.

बंगला रस्त्यापासून आत होता. भाचा स्वतः फाटकापर्यंत आला. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. "मावशी नाशिकला गेलीय मैत्रिणीकडे. या ना, साहेब, घर बघा." त्याने खरोखरच सगळं घर दाखवलं. हॉलमध्ये व्हरांड्यात उघडणाऱ्या उंच काचेच्या खिडक्या, त्यांना झिरझिरीत पांढरे पडदे. स्वयंपाकघराला बांबूच्या काड्यांचा पडदा. दोन्ही शयनगृहांत सरकत्या खिडक्या आणि चुण्यांचे जाड पडदे. शनिवारी पहिले पाहुणे येणार होते, त्यामुळे घरभर नव्या रंगाचा वास होता. आतल्या बोळाच्या टोकाला छतापासून जमिनीपर्यंत एक पडदा होता. मी विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "भिंतीला ओल आलीय, साहेब. पाहुण्यांना दिसायला नको."

त्याने नाशिकचा नंबर लावून दिला. पलीकडून एक बाई म्हणाली, "हो, इथेच आहेत, आत्ताच डोळा लागलाय." आम्ही हॉलमध्ये बसून चहा घेतला. हवालदाराने पावसापाण्याच्या गप्पा काढल्या, कसल्याशा विनोदावर मी मोठ्याने हसलो. दीड-दोन तासांत परत आलो.

पडदेवाली अजून ठाण्याच्या बाकावर बसून होती. डबासुद्धा उघडला नव्हता.

"बाई, सगळं घर पाहिलं. काही नाही तिथे."

"खिडक्या मोजल्या का, साहेब?"

मी मनात मोजल्या. हॉलच्या तीन, स्वयंपाकघराची एक, दोन शयनगृहांच्या दोन-दोन. आठ.

"मी खिडक्यांचेच नऊ पडदे दिलेत," ती म्हणाली.

तरी मी म्हणालो, "एखादा जास्तीचा करून घेतला असेल. बोळातला पडदाही तूच केलास ना? ओल झाकायला?"

ती उठून उभीच राहिली. "ओल? साहेब, तिथं भिंतच नाय! रॉड बसवायला मी ड्रिल लावलं. विटेत ड्रिल अडतं, लाल भुकटी पडते. तिथं लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि लाकडाचा भुसा पडला. मला वाटलं, हल्ली शोभेला प्लाय लावतात, तसं असेल."

नववी खिडकी त्या प्लायच्या मागे होती. आणि पोलीस येऊन गेले हे त्या माणसाला आता ठाऊक होतं. मी स्वतः जाऊन त्याला सावध करून आलो होतो.

वरिष्ठांना फोन केला, एक महिला पोलीस सोबत घेतली, दोन पंच जीपमध्ये बसवले. वाट जेमतेम वीस मिनिटांची होती. पडदेवालीही आली होती, ड्रिलची पिशवी मांडीवर घेऊन.

पोचलो तेव्हा गाडी व्हरांड्याला मागून लावलेली होती. मागचं दार उघडं, सीट आडवी केलेली, तिच्यावर गादी. भाचा हातात चादर घेऊन पायरीवर उभा होता.

मी हवालदाराला घराच्या मागच्या अंगाला पाठवलं आणि भाच्याला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं. अशा वेळी आवाज चढवला की माणूस घट्ट मिटतो, हा माझा अनुभव. मी साधेच प्रश्न विचारायला घेतले.

"गादी कुठे चाललीय?"

"जुनी झालीय. टाकायला."

"घराला खिडक्या किती?"

"आठ."

"पडदे नऊ का?"

"एक जास्तीचा घेतला. फाटला तर असावा."

"मग त्याला एकट्यालाच चारी बाजूंनी वेल्क्रो कशाला?"

तेवढ्यात मागून हवालदाराची हाक आली, "साहेब, इकडे एक खिडकी आहे! दुधी काच. सरकत नाय, चौकटीला स्क्रू मारलेत. आतून काळं आहे!"

भाच्याचे डोळे क्षणभर बोळाकडे गेले. मला तेवढं पुरे होतं.

बोळातला पडदा बाजूला केला तर मागे भिंतीच्या रंगाचाच प्लाय. पडदेवालीने बोटांनी ठोकत ठोकत उजवी कड शोधली. "इथं बिजागरी आहे, साहेब." दुसऱ्या कडेला तळाशी बसवलेलं कुलूप तोडायला दोन मिनिटं लागली असतील. मला ती फार लांब वाटली, कारण आतून काहीच आवाज येत नव्हता.

दार उघडलं तेव्हा बाहेर भर दुपार आणि आत मिट्ट काळोख. औषधांचा, घामाचा, कोंडल्या हवेचा वास आला. महिला पोलीस आधी आत शिरली. "आहेत साहेब! श्वास चालू आहे!"

खाटेवर एक वाळलेली म्हातारी बाई कुशीवर पडली होती. ओठांना पापुद्रे आले होते. पडदेवाली सरळ खिडकीकडे गेली आणि तिने स्वतःच शिवलेला पडदा दोन्ही हातांनी ओरबाडून काढला. वेल्क्रो फाटल्याचा तो कर्रकन आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. उजेड आत पडताच म्हातारीने डोळ्यांवर हात घेतला आणि पुटपुटली, "नको, झाकू नको. राहू दे तसंच."

तिला शहापूरला दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, झोपेच्या गोळ्यांचा डोस वाढत चालला होता, आणखी दोन दिवस गेले असते तर हाती काही लागलं नसतं.

पुढची चौकशी सोपी होती. संध्याकाळपर्यंत भाच्याने बहुतेक सगळं सांगितलं. बंगला आणि भोवतालची जमीन मावशीला गावच्या बायकांच्या दवाखान्यासाठी द्यायची होती, याला त्याचं पाहुण्यांसाठी घर करायचं होतं. ती सही देईना, म्हणून सव्वा महिना कोंडून ठेवलं. आधी खिडकी उघडी असायची. तिने पडदा गजांतून बाहेर काढून बांधला, पण वाटेने जाणाऱ्यांना वाटलं धुणं वाळतंय. ते पाहून त्याने काच स्क्रूने बंद केली आणि तोच पडदा मापासाठी पडदेवालीला दिला. आमची सकाळची भेट झाल्यावर तो तिला गाडीतून हलवणार होता. कुठे, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. नाशिकची बाई त्याच्या ओळखीची निघाली, तीही आरोपी झाली. पडदेवालीने कोर्टात तासभर साक्ष दिली. बचावाच्या वकिलाने तिला 'अडाणी' म्हणून पाहिलं, तेव्हा तिने त्याला वीट आणि प्लाय यांतला फरक समजावून सांगितला. दोघांनाही शिक्षा झाली.

पुढे नोकरीत आलेल्या पोरांना मी हा गुन्हा सांगत असे. आपण माणसाचा चेहरा वाचायला जातो, आणि सभ्य चेहरा आपल्याला सहज फसवतो. आपल्या कामात मुरलेला माणूस दाराशी येऊन 'हे बरोबर नाही' म्हणाला, तर त्याला धड सांगता येत नसलं तरी बसवून घ्यावं, ऐकावं. पण जे शिकलो त्याचं खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते इथे लिहितो.

आठवड्याने मी जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो. म्हातारी उशीला टेकून बसली होती. जबाब झाल्यावर कागद आवरता आवरता मी म्हणालो, "मावशी, एक कबूल करायचंय. त्या दिवशी सकाळी मी एकदा येऊन गेलो होतो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुमचा आवाज ऐकला मी. चहा घेत होतात तुमी. हसलात कशाला तरी. मी हाका मारत होते, पण गळ्यातून आवाजच निघंना."

मी मान खाली घातली. तिने हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला. आयुष्यभर लोकांच्या नाड्या पाहिलेला तो हात होता.

"परत आलात ना," ती म्हणाली. "सगळे नाय येत."