पाट्याला दिलेलं पाणी

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची गोष्ट. चिंचवडला, मुंबईच्या रस्त्याला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये दादाचं गॅरेज होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. साताऱ्याकडून येऊन त्याने ते थाटलं आणि मी त्याच्या हाताखाली राबत होतो. आसपास कारखाने उभे राहत होते. वहिनीच्या भावाने त्यातल्याच एकात दादासाठी नोकरी बघून ठेवली होती. दसरा झाला की हजर व्हायचं. घरात रोज तोच विषय आणि तीच भुणभुण. शेवटी दादा वहिनीला म्हणाला, "ही एक गाडी नीट चालू दे. चालली तर मी कुठे जात नाही. नाही चालली तर तू म्हणशील तसं."

गाडी एका पेन्शनीतल्या साहेबांची होती. लढाईच्या आधीची, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीची विलायती मोटार. पुढून ती पार बसली होती. खड्डा आला की स्टिअरिंग हातातून उडायचं. दादाने पुढचा भाग सगळा उतरवला, चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिन नव्या करून घेतल्या, त्यांचे झिजलेले बुश बदलले. राहिले स्प्रिंगचे पाटे. त्यांची कमान गेलेली, आणि बनवणारी कंपनीच बुडाल्यामुळे नवे मिळायचा प्रश्न नव्हता. तेव्हा जुन्यांनाच कमान देण्यासाठी ते थेरगावच्या लोहारमामांकडे दिले. नांगराच्या फाळात त्या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. अष्टमीला पाटे परत आले. कमान इतकी सुरेख की दादा त्यांच्यावरून नुसता हात फिरवत राहिला.

एरवी भट्टीतून आलेल्या लोखंडावर दादा कानस घासून बघितल्याशिवाय ते बसवत नसे. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. कानशी, पाने, हातोडे सगळे धुऊन पाटावर मांडले होते. पाटेही त्यांच्याच शेजारी ठेवले, त्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मी स्वतः उदबत्ती ओवाळली. आज ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि राग कुणावर काढावा तेही कळत नाही.

दसऱ्याला साहेब सकाळीच हार घेऊन हजर झाले. त्यांच्या घाईत कानस राहूनच गेली. दादाने पाटे बसवले, चाकं चढवली आणि जॅक हळूहळू खाली घेतला. गाडीचा भार पाट्यांवर आला मात्र, ताडकन आवाज झाला. डाव्या अंगाने गाडी खाली बसली. मोठा पाटा मधोमध तुटला होता. दादा उकिडवा तसाच बसून राहिला. साहेबांनी हार सीटवर ठेवला आणि ते निघून गेले.

संध्याकाळी लोहारमामा सोनं द्यायला आले. मोडकी गाडी बघून बिचारे हळहळले.

"अवो, म्या तर वरनं पाणी बी दिलं हुतं. फाळाला देतो तसं. पुन्यांदा वाकू नये म्हनून."

मी तोंड उघडणार होतो. फाळ कडक लागतो, पण पाट्याने वाकायचं असतं. लाल तापवून पाण्यात बुडवला की तो काचेसारखा होतो, आणि कानस एकदा फिरवली असती तर ती नुसती घसरली असती आणि ते कळलं असतं. दादाने माझा दंड धरला. मामांच्या हातून सोनं घेतलं आणि वाकून त्यांच्या पाया पडला. त्यांना त्याने कधीच काही सांगितलं नाही.

साहेबांनी गाडी लॉरीवर घालून मुंबईला नेली. दादा ठरल्या दिवशी कारखान्यात हजर झाला. पहिल्या दिवशी तो घरी आल्यावर मी विचारलं, काम काय असतं?

"दार उघडतो. खोकी आत घेतो. दार लावतो."

गॅरेजमधून आला की तो आधी मोरीत बसून रॉकेलने हातांचं ग्रीस खळखळून धुवायचा. बराच वेळ लागायचा त्याला. वहिनी वैतागायची. त्या दिवशी तिने सवयीने रॉकेलचा डबा मोरीत नेऊन ठेवला. तो साध्या पाण्याने हात ओले करून सरळ जेवायला बसला.