उपरण्याखालचा भाव

नव्वदीच्या दशकात काही काळ धुळ्यात शेअरचे फॉर्म पानाच्या टपरीवरही मिळत. मी तेव्हा एका दैनिकासाठी बाजाराचं पान पाहत असे. कांदा, कापूस, भुईमूग यांच्या भावाखाली शेअरचा चौकोन नुकताच सुरू झाला होता.

त्या उन्हाळ्यात एका नव्या कंपनीने बसस्टँडजवळच्या हॉटेलात गुंतवणूकदारांची सभा घेतली. परदेशातून नैसर्गिक वायू द्रवरूपात जहाजाने आणायचा, किनाऱ्यावर टाक्यांत उतरवायचा, पुन्हा वायू करून नळाने कारखान्यांना द्यायचा, असा बेत होता. दहा रुपयांचा शेअर, वर वीस रुपये प्रीमियम. सभा भरवली होती गावातल्या शेअर दलालाने. पुढच्या दोन रांगा त्याने शिंदखेड्याकडच्या एका गावासाठी राखून ठेवल्या होत्या, कारण तिथे त्या वर्षी कापसाचा पैसा आला होता.

त्या गावाचे पुढारी म्हणजे आबा. गुरांच्या बाजारात सौदे जुळवणं हा त्यांचा धंदा. त्यांनी जुळवलेला सौदा मोडत नाही, एवढ्यावर त्यांचं नाव उभं होतं. निघताना पारावर ते सांगून आले होते, “तीसले कोनी लेवानं नही. मी भाव कमी करी आनस.” कंपनीने छापलेला भाव कमी होत नसतो, हे दलालाने त्यांना दोनदा सांगितलं होतं. आबांच्या मते असं प्रत्येक बैलाचा मालक सांगतो.

मुंबईहून आलेला अधिकारी टाय लावून घामाने भिजला होता. पहिला प्रश्न मागून आला, “साहेब, शेअर घेतला तर सिलिंडरचा नंबर लवकर लागेल का?” हा तो गॅस नव्हे, हे समजावण्यात बराच वेळ गेला. मग त्याने सांगितलं, की शून्याखाली एकशे साठ अंशांपर्यंत थंड केला की हा वायू पाण्यासारखा होतो आणि जागा सहाशे पटींनी कमी लागते.

“धुळ्याचा बर्फ शिंदखेड्याला पोचेपर्यंत पाणी होतो,” एकजण म्हणाला. “तुम्ही समुद्रातून थंडी कशी आणणार?”

“जहाजात थर्मासासारख्या टाक्या असतात. थोडा वायू वाटेत उडतो, पण त्यावर जहाजाचं इंजिन चालतं.”

हे आबांना पटलं. “बरोबर शे. वाटमा जनावर चारा खाईच ना.” मग त्यांनी विचारलं, “पन जनावर कोठे शे?”

टाक्या अजून बांधायच्या होत्या. जहाज ठरायचं होतं. अधिकाऱ्याने रंगीत चित्र वर धरलं.

“म्हंजे गाय आजून व्यायनी नही, अन दूधना भाव आजच?”

सभा हसली. दलाल हसला नाही. आबा उठले, मंचावर गेले, आणि खांद्यावरचं उपरणं त्यांनी अधिकाऱ्याच्या उजव्या हातावर टाकलं.

गुरांच्या बाजारात भाव चारचौघांत बोलत नाहीत. कापडाखाली बोटं धरून सांगतात. आधी दहाचा आकडा, एक बोट म्हणजे एक दहा; मग वरचे सुटे, पूर्ण पंजा म्हणजे पाच. नामंजूर असेल तर समोरचा हात काढून घेतो. मंजूर असेल तर दाबतो. आबांनी आधी एक बोट धरलं, मग पंजा. अधिकाऱ्याने डावा हातही कापडाखाली घातला आणि आबांचा हात दोन्ही हातांनी, हसत हसत, घट्ट दाबला.

“पंधरा,” आबांनी जाहीर केलं. “सौदा व्हई गया.”

पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. काय झालं ते कळल्यावर अधिकारी म्हणाला, “मला वाटलं, ही इथली स्वागताची पद्धत आहे.”

“मंग इतला जोरमा का दाबा?”

छापलेला भाव अर्थातच हलला नाही. जेवण झाल्यावर निम्म्या गावाने तीसच्या भावाने फॉर्म भरले. आबांनी भरला नाही. त्यांचा भाव ठरलेला होता.

शेअर बाजारात आला तो चाळीसला. पारावर आबांचं बसणं अवघड झालं. पोरंसोरंही विचारत, “आबा, पंधराले भेटना का?” त्याहून वाईट म्हणजे दोन मालकांनी आपले बैल दुसऱ्या दलालाकडून विकले. ज्याचा शब्द मुंबईत चालत नाही, त्याचा शिंदखेड्यात का चालावा, असा हिशेब होता.

टाक्या बांधल्या गेल्या नाहीत. वायू कोणत्या भावाने घ्यायचा यावर कारखाने आणि कंपनी यांचं जुळेना. आमच्या चौकोनातला आकडा उतरत गेला. तो पंधरावर आला त्या सकाळी मी दलालाच्या पेढीवर होतो. पहिल्या बसने आबा आले. सोबत तीसच्या भावाने शेअर घेतलेले तीन गाववाले होते, साक्षीला.

“शंभर शेअर दे.”

दलाल भला माणूस होता. “आबा, थांबा. महिन्याभरात दहाला मिळेल. अजून पडतोय.”

“मी भाव पाडाले उनू नही. सौदा पंधराना व्हयना व्हता. कंपनीनी उशीर करा, पन शबद पाळा. आते मी मोडू?”

तीन साक्षीदार एकमेकांकडे पाहू लागले. त्यांचे शेअर अर्ध्या किमतीवर आले होते आणि आबांचा शब्द पुरा झाला होता. त्यातला एकजण हळूच म्हणाला, “आबा, येत्या बाजारले मन्ही जोडी तुम्हीच दखा.”

आबांनी मान हलवली, पैसे टेबलावर ठेवले आणि उपरणं दलालाच्या हातावर टाकलं. दलालाने हात पुढे केला, पण बोटं लाकडासारखी ताठ ठेवली.

“दाब ना भाऊ,” आबा म्हणाले. “आते काय भ्याव?”