मिस्टर ॲम्ब्रोजचा पत्र्याचा पेला

आमच्या रेस्टॉरंटात सगळ्यात प्रसिद्ध माणूस शेफ टेरिओ आणि सगळ्यात शहाणा माणूस मिस्टर ॲम्ब्रोज, यावर आम्हा वेटर लोकांचं एकमत होतं. शेफ आठवड्यातले चार दिवस टीव्हीवर असायचा आणि उरलेले दिवस टीव्हीवर आपण काय केलं ते आम्हाला सांगायचा. त्याच्या नावाजलेल्या पदार्थांबरोबर कोणतं पेय द्यायचं, हे मिस्टर ॲम्ब्रोज ठरवायचे. सव्वीस वर्षं ठरवत होते.

माणूस उंच, काटकुळा. नाक असं की चेहऱ्यावर आधी तेच येऊन बसलं असावं आणि बाकीच्यांनी मग जागा मिळेल तिथे दाटीवाटी केली असावी. रोज दुपारी साडेतीनला आमची जेवणं झाली की ते आम्हाला रांगेत उभं करून बाटल्यांची ओळख करून देत.

"ही म्हणजे घरी आलेली मावशी. आधी गोड बोलते, जाताना टोमणा मारते. बदकाबरोबर द्या, बदकाला सवय आहे."

मग स्वतः घोट घ्यायचे, तोंडात घोळवायचे आणि हातातल्या पत्र्याच्या पेल्यात थुंकायचे. या धंद्यात थुंकावंच लागतं. दिवसाला चाळीस घोट गिळणारा माणूस चार वाजता बदकाशीच बोलायला लागेल.

खरी परीक्षा मात्र त्यांच्या घरी व्हायची. सोमवारी रेस्टॉरंट बंद. नवा पदार्थ डब्यात भरून ते घरी न्यायचे आणि बायकोसमोर ठेवायचे. व्हर्नेलबाई शाळेची बस चालवायच्या. वाइनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि तोच त्यांचा मोठा गुण होता. दोघं एकत्र खात, एकत्र पीत. मिस्टर ॲम्ब्रोज फक्त त्यांच्या हाताकडे बघत. घोटानंतर हात आपणहून ताटलीकडे वळला तर जोडी जमली. बाईंनी शेजारणीचा विषय काढला तर बाटली बाद.

तीन वर्षांपूर्वी व्हर्नेलबाई गेल्या. तेव्हापासून एकही नवी जोडी जमली नव्हती. जुन्याच बाटल्या नव्या पदार्थांशेजारी बसवणं चालू होतं. आम्हाला ते कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

मग या वसंतात शेफने 'सैतानाची कोळंबी' आणली. लोणी, लिंबू आणि धुरावलेल्या मिरच्या. मिस्टर ॲम्ब्रोजनी तिला गुलाबाच्या वासाची, चांगली कडक पांढरी वाइन दिली. पहिल्याच आठवड्यात पाहुणे दोन घोट घ्यायचे आणि दूध मागायचे. एका न्यायाधीशबाईंनी तर माझी बाही धरून मागितलं.

शेफने त्यांना स्वयंपाकघरात सगळ्यांदेखत गाठलं.

"मिस्टर ॲम्ब्रोज, लोक माझ्या कोळंबीवर दूध पितायत. मी काय बालवाडी चालवतो?"

"कोळंबी तिखट आहे, शेफ."

"सैतानाची आहे. तो काय साखर घालून जेवेल? मंगळवारी दुपारी नवी बाटली दाखवा. नाहीतर लास वेगासचा एक सल्लागार येतोय, तो तुमचं काम बघेल. त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे. पदार्थ सांगितला की पेय सांगतो."

"त्या कॉम्प्युटरला तोंड आहे?"

"तुम्हाला आहे ना? मग मंगळवारी दिसू दे."

तो रविवार होता. ते घाईने निघून गेले आणि कोळंबीचा डबा विसरले. सोमवारी दुपारी तो पोचवायला मी गेलो. त्यांनी डबा घेतला, मला आत बोलावलं आणि मला विसरून कामाला लागले. टेबलावर दोन ताटल्या, दोन ग्लास, सात बाटल्या. ते एका खुर्चीवर बसले, कोळंबी खाल्ली, घोट घेऊन थुंकले. मग लगबगीने उठून टेबलाला वळसा घातला आणि समोरच्या खुर्चीमागे उभं राहून स्वतःच्या रिकाम्या खुर्चीकडे निरखून बघायला लागले.

"काय करताय?"

"मला कसं लागलं ते बघतोय."

"दिसलं?"

"पोचेपर्यंत निघून जातो." म्हणजे ते स्वतःच. पुन्हा वळसा घालायला निघाले, तेव्हा मला राहवेना.

"मी बसतो. तुम्ही बघा."

मी निळ्या उशीच्या खुर्चीकडे वळलो.

"तिथे नको, जूल्स. माझ्या खुर्चीत बस."

बसलो. ते उशीला हात न लावता त्या निळ्या खुर्चीमागेच उभे राहिले. मी कोळंबी खाल्ली, त्यावर ती गुलाबाची वाइन प्यायलो आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"पेला समोर आहे," ते म्हणाले.

"फुकटची वाइन थुंकायला मी काय तुमच्यासारखा विद्वान आहे? गिळली. तोंडात गुलाब होता, घशात उतरला आणि कोणीतरी काडी लावली."

"घशात? तोंडात नाही?"

"तोंडात झकास होती."

ते हळूच म्हणाले, "मला घशाचं कळणारच नाही. मी गिळत नाही."

"कामावर नाही. पण घरी?"

"तिच्याबरोबर गिळायचो. एकट्यानं गिळलं की ते काम राहत नाही रे, ते पिणं होतं. या टेबलाशी बसून पिणारा म्हातारा मला व्हायचं नव्हतं."

त्यांनी ग्लास भरला, कोळंबी तोंडात टाकली, घोट घेतला. माझ्याकडे बघितलं आणि गिळला. कानापर्यंत लाल झाले.

"अरे देवा," ते म्हणाले. "त्या न्यायाधीशबाईंना पत्र लिहायला हवं."

पुढच्या बाटल्या आम्ही गिळूनच तपासल्या. पाचवी हलकी, जराशी गोड, थंडगार रीसलिंग वाइन होती. चव सांगायला मी तोंड उघडलं तर ते हसत होते, माझ्या हाताकडे बघून. हात ताटलीत होता.

मंगळवारी शेफने त्या रीसलिंगबरोबर कोळंबीची वाटी चाटूनपुसून खाल्ली. संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की ही वाइन आपल्याला स्वप्नात दिसली. सल्लागाराला येऊ नका म्हणून कळवलं गेलं. आम्ही मिस्टर ॲम्ब्रोजसाठी ताटल्या वाजवल्या.

"पुढच्या सोमवारी येऊ?" मी विचारलं.

"नवा पदार्थ आला की सांगेन."

उन्हाळाभर नवा पदार्थ आला नाही. एका सोमवारी दुपारी त्यांच्या गल्लीतून जाताना जाळीच्या दारातून ते दिसले. एक ताटली, एक ग्लास, शेजारी पत्र्याचा पेला. घोट तोंडात धरून ते समोरच्या खुर्चीकडे बराच वेळ बघत होते. मग थुंकले.

मी दार वाजवलं. ते जाळीपाशी आले, तोंड पुसत.

"जेवलास, जूल्स?"

"हो, आत्ताच."

"बरं केलंस."

कोपऱ्यापर्यंत गेलो तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: ते विचारणं नव्हतं, बोलावणं होतं. परत फिरून दाराशी पोचलो, तर आत नळ चालू होता आणि पेला विसळल्याचा आवाज येत होता.