साहेबराव सरांची शिव्यांची वही

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजात साहेबराव सर 'सामाजिक उद्योजकता' शिकवतात. म्हणजे लोकांचं भलं करायचं, आणि ते भलं देणग्यांवर न जगता स्वतःच्या पायावर उभं राहील असा धंदा मांडायचा. बाकी ठिकाणी हा विषय शिकताना पोरं टाळ्या मिळवतात म्हणे. आमचे सर शिव्या गोळा करायला लावतात.

थट्टा नाय. प्रत्येक गटाला सर एक दोनशे पानी वही देतात. योजना सुचली की ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या दारात जायचं, समजावून सांगायची, आणि विचारायचं, "ह्यानं कुणाचं वाटोळं होईल का?" मग जे कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरवायचं, खाली नाव आणि गल्ली नंबर. वही कोरी तर मार्कही कोरे. सरांचं म्हणणं एकच: "ज्या योजनेला एकही शिवी पडली नाय, ती अजून कुणाच्या दारापर्यंत पोचलीच नाय."

ह्याचं मूळ सरांच्या तरुणपणात आहे. तेव्हा त्यांनी एका खेड्यात बिनधुराच्या एकसष्ट चुली बसवल्या होत्या. सत्कार झाला, हार पडले. वर्षानं जाऊन बघतात तर साठ चुलींत कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या. एकसष्टावी चूल शोधूनही सापडली नाही. एका म्हातारीनं मात्र मनापासून आभार मानले, "कोंबड्यांची लई सोय केलीस बाबा." सर त्या दिवसाला आपला खरा वाढदिवस मानतात.

यंदा विषयाला आम्ही तिघंच होतो: मी, विशाखा आणि प्रणय. प्राचार्य रत्नमाला मॅडमनी सरांना बोलावून सांगितलं, की शनिवारपर्यंत पुढच्या वर्षासाठी पंधरा नावं आली नाहीत तर हा विषय बंद. मग सरांनी पहिल्या वर्षाला पर्यावरण शिकवायचं. दोनशे चाळीस पोरं आणि एक खरखरणारा माईक. त्या दिवशी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून ते वर्गात गेले, आणि आम्ही हादरलो. सर आजारी असताना रजा टाकतात, चहा टाकत नाहीत.

सरांना वाचवायचं तर कॉलेजभर गाजेल असं काहीतरी करायला हवं होतं. प्रणय पुंडलिकनगरात एका गल्लीच्या तोंडाला खोली घेऊन राहतो. त्या गल्लीत नळ सहाव्या दिवशी येतो, आणि किती वाजता ते नळालाच ठाऊक. आम्ही ॲप काढलं, नाव 'नळबाबा'. नळ फुसफुसला की प्रणयनं बटण दाबायचं, आणि गल्लीतले सगळे फोन गाढवासारखे ओरडणार. गाढवाचा आवाज माझा. दोन दिवसांत चाळीस फोनांत नळबाबा शिरले.

राहिली वही. बुधवारी पाणी येणार, आणि आम्हाला वहीची आठवण मंगळवारी संध्याकाळी झाली. मग मीच टपरीवर बसून बावीस शिव्या लिहिल्या. आमच्या गावाकडं, फुलंब्रीत, हा माल मुबलक. विशाखानं खाली तिथल्या बायकांची नावं टाकली, प्रणयनं तीन पेनं बदलून अक्षरं वेगवेगळी केली.

बुधवारी पाणी आलं, नळबाबा ओरडले. गुरुवारी सकाळी आम्ही ऐटीत वही सरांसमोर ठेवली.

"'तुझ्या कपाशीत डुकरं शिरोत,'" सरांनी वाचलं. "सोनिया, गल्ली नंबर चार. ही सोनिया काय करते?"

"ब्यूटी पार्लर," विशाखा बोलून गेली.

"पार्लरच्या मागं कपाशी आहे का तिची?" सरांनी पान उलटलं. "'तुझी म्हैस धार देताना लाथ मारो.' पुंडलिकनगरात?" मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ह्या फुलंब्रीच्या शिव्या आहेत, राजे. माणूस ज्याच्यासाठी जीव टाकतो, त्याचीच शिवी देतो. योजना पाण्याची, आणि बावीस शिव्यांत पाण्याचा थेंब नाय!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारात रिकामा हंडा आदळला. हंड्यामागं साठीच्या एक बाई, पदर खोचलेला.

"म्या पारूबाई. पुंडलिकनगर, शेवटचं घर. गल्लीतली पोरं म्हनली नळबाबा हितं शिकतो, कोण हाय तुमच्यात?"

प्रणय बुटाची नाडी बांधायला बाकाखाली वाकला. त्यानं चपला घातल्या होत्या.

"या मावशी, बसा," सर उठून म्हणाले. "पाणी घेता?"

"पाणी?" पारूबाई उसळल्या. "कुठून घिऊ, मास्तर?"

"विशाखा, नवी वही काढ. मावशी, सावकाश. पहिल्यापासून."

मग कळलं. गल्लीत जिच्या नळाला आधी पाणी येतं ती ताटलीवर लाटणं वाजवते. ते ऐकून पुढची, मग तिच्या पुढची. शेवटच्या घरातले दोन हंडे भरले की तिथून ताटली उलटी वाजत येते, आणि मगच वरच्या घरांनी पाणी ओढायच्या मोटरी लावायच्या. हे कुठं लिहिलेलं नाही. भाड्यानं राहणाऱ्या पोरांना तर ताटली म्हणजे शेजारी भांडण वाटायचं. नळबाबा ओरडले तशा वीस मोटरी एकदम सुरू झाल्या.

"माझ्या नळानं नुसती फुंकर मारली," पारूबाई म्हणाल्या. मग त्यांनी श्वास घेतला. "तुमच्या मोबाइलला हागवण लागो! अंगाला साबण लागल्यावर तुमचं पाणी जावो! हळदीच्या दिवशी नळ कोरडा पडो, अन् पिवळेच्या पिवळे मांडवात जावा!"

"'पिवळेच्या पिवळे'पासून पुन्हा सांगा, मावशी," विशाखा भराभर लिहीत होती.

शेजारचा कॉमर्सचा वर्ग कधी रिकामा झाला कळलं नाही. खिडक्यांत डोकीच डोकी. तेवढ्यात रत्नमाला मॅडम आल्या.

"सर, हे काय चाललंय?"

"प्रात्यक्षिक, मॅडम."

"तुमी मोठ्या बाई का?" पारूबाई म्हणाल्या. "बसा की. तुमच्यासाठीबी हायेत."

मॅडम बसल्या.

"काढून टाकतो सर, ॲप," बाकाखालून प्रणयचा आवाज आला.

"म्हणजे घाण करून पळायचं? त्यांना विचारलं का?" सरांनी पारूबाईंकडं बघितलं.

पारूबाईंनी जरा विचार केला. "गाढव ऱ्हाऊ द्या. त्याचं बटण माझ्याकडं द्या. माझे दोन हंडे भरले की म्या दाबते, मग लावू द्या मोटरी."

"मग वरचे लोक तुम्हाला शिव्या देतील."

"देतील की. त्याबी लिहून घ्या."

खिडक्यांतून शिट्ट्या वाजल्या. मग सरांनी खिडकीतल्याच एकाला विचारलं, "बटण मावशींकडं गेलं. आता कुणाचं वाटोळं होईल?" अर्धा तास कॉमर्सची पोरं एकमेकांत भांडत होती. तासाची घंटा कुणी ऐकली नाही.

शनिवारी यादीत एकतीस नावं होती. मॅडमनी ती दोनदा मोजली, सही केली, आणि दार लोटून घेत हळूच विचारलं, "सर, त्या बाई पुन्हा येणार का हो? म्हणजे कधी, ते आधी सांगा. त्या दिवशी मला बाहेरगावी जायचंय."