टाके वाचवणारी अक्का

अक्का पहिल्या भेटीत माणसाचा अंगठा मागायची. नाव-गाव, चहा-पाणी सगळं नंतर. "तुना अंगठा दे आठे," म्हणायची, आणि समोरच्याने गोंधळून हात पुढे केला की त्याच्याच फोनवर त्याचा अंगठा टेकवून तो कुठवर पोचतो, कुठे अडतो, वाकवताना दुखतो का, हे चाचपून घ्यायची. सुरतेच्या उधन्यात सूत, जरी आणि टिकल्या हाताळून लोकांच्या बोटांची कातडी इतकी राठ झालेली असते की फोनला तो कधीकधी माणसाचा स्पर्श वाटतच नाही. अक्काला असे अंगठे फार आवडायचे. माझाही तिने असाच धरला होता, आणि पोलीस ठाण्यात आणून बसवल्यासारखा मी अवघडून बसलो होतो.

मला दिसायचं बंद झालं त्यानंतरची ही गोष्ट. नजर हळूहळू गेली, आणि ती जाईपर्यंत मी एका गोदामात साड्यांच्या पार्सलवर नावं घालत होतो. नंतर घरीच. माझी बायको सविता घरबसल्या साड्यांना टिकल्या लावते, तिच्याच ओळखीतून अक्का आमच्याकडे आली. अक्का नंदुरबारकडची, मी शिरपूरकडचा. पहिल्या पाच मिनिटांत तिने मला भाऊ करून टाकलं आणि त्या नात्याच्या जोरावर रागवायलाही सुरुवात केली.

रागवायचं कारण असं. सुरतेत राहणाऱ्या खानदेशी माणसांचा एक गट आहे, एका मोठ्या नेटवर्कवर. नेटवर्कचं नाव घेत नाही, तुमच्याही फोनमध्ये ते असेलच. कुणाला खोली हवी, कुणाच्या गावी लग्न, कोण वारलं, कळण्याच्या भाकरीचं पीठ चांगलं कुठे मिळतं, असं सगळं तिथे चालतं. डोळे होते तेव्हा मी तिथला नावाजलेला खोडसाळ माणूस होतो. धुळ्याचं भरीत चांगलं की जळगावचं, एवढं विचारून गंमत बघत बसायचो. डोळे गेले आणि मी तिथूनही उठलो. "कसाले उठना?" अक्काने दरडावून विचारलं.

फोन वाचून दाखवतो हे मला ठाऊक होतं. पण तो वाचणार तेच, जे बनवणाऱ्याने त्याला सांगून ठेवलेलं असतं. कंपनीच्या अ‍ॅपवर बोट फिरवलं की आवाज यायचा, "बटण. बटण. चित्र. नाव नसलेलं बटण." मधेच एखादी जाहिरात गायला लागायची आणि वाचणारा आवाज तिच्याखाली दबून जायचा. एकदा गटातल्या एका ओळखीच्या माणसाची आई गेली. त्या बातमीखाली दोन शब्द लिहावेत म्हणून मी चाचपडत बोट ठेवलं, आणि माझ्याकडून हसणाऱ्या तोंडाचं चित्र गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाने फोन करून मला जे ऐकवलं ते मी ऐकून घेतलं. त्यानंतर फोन फक्त उचलायला आणि ठेवायला.

हे मी सांगितलं तेव्हा अक्काच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मग तिने माझ्या फोनवर एक अ‍ॅप टाकलं. ते तिने स्वतः बनवलेलं होतं. नेटवर्क तेच, गट तोच, माणसं आणि त्यांची भांडणं तीच, फक्त आत जायचं दार अक्काने बसवलेलं. तेव्हा ती कंपनी बाहेरच्या कुणालाही असं दार बसवू द्यायची.

चारपाच दिवस तिने माझ्याशेजारी बसून ते अ‍ॅप उसवलं आणि शिवलं. मी अडलो की ती पुटपुटायची, काहीतरी काढून टाकायची आणि पुन्हा फोन माझ्या हातात द्यायची. शेवटी एका दुपारी मी बोट ठेवलं आणि आवाज स्वच्छ म्हणाला, "मंगेश लिहितात: उधन्यात बाजरीचं पीठ कोणाकडे मिळेल? उत्तर द्या. पुढचं वाचा." बस, एवढंच. एक शब्द जास्त नाही. मी बोलून उत्तर दिलं की पीठ मिळेल, पण तू भाकरी थापणार कुणाकडून? आणि लोक तुटून पडले. अरे, जिवंत आहेस का, कुठे होतास, तुझी खोड गेली नाही का, एकामागून एक. मी मोठ्याने रडलो. मिक्सर बंद करून सविता धावत आली, आणि काय झालं ते कळल्यावर तीही माझ्याबरोबर बसली.

मला त्या दिवसापासून एकच कोडं पडलं होतं. त्या कंपनीत हजारो माणसं, काचेच्या इमारती, आणि इथे एक बाई, तीही दिवसभर खात्यात, म्हणजे भरतकामाच्या कारखान्यात, नोकरी करून घरी आल्यावर दोन पोळ्या लाटता लाटता हे करते. मग हिचं चांगलं आणि त्यांचं वाईट कसं? मी विचारलं तर अक्का मला तिच्या कामाच्या जागी घेऊन गेली.

अक्का एम्ब्रॉयडरीच्या खात्यात पंचिंग करायची. म्हणजे साडीवरची नक्षी कॉम्प्युटरवर घेऊन, मशीनने कुठे सुई मारायची ते टाक्या-टाक्याने बसवून द्यायचं. त्या धंद्यात भरतकामाचे पैसे टाक्यांवर ठरतात. त्यामुळे ज्या पानाला थोडे टाके पुरेत, त्यात शेठ दुप्पट भरायला सांगतो. मी तिथे बसलेलो असतानाच शेठ आला आणि गोड आवाजात म्हणाला, "बेन, जरा टांका वधारो ने." अक्काने "हो शेठ" म्हटलं आणि वाढवले. मग एक पदर माझ्या हातात दिला. पुठ्ठ्यासारखा कडक. दुसरा दिला, तीच नक्षी, तिने आपल्या पोरीच्या लग्नासाठी स्वतः बसवलेली. तो बोटांवरून घसरत होता. "दोन्ही मीच करं," ती म्हणाली. "एक शेठसाठे, एक नेसनारीसाठे."

परत येताना रिक्षात ती भडाभडा बोलत होती. तिचं म्हणणं असं की कंपनीतली पोरं तिच्यापेक्षा हुशार आहेत, त्यांचं काम ती रोज उघडून बघते आणि शिकते. पण त्यांना पगार मिळतो तो माणूस जास्त वेळ अडकून पडावा म्हणून. एक खातं जाहिरात घालतं, दुसरं व्हिडिओ घालतं, तिसरं घंटी वाजवतं, आणि दुसऱ्याने घातलेलं काढायचा हक्क कुणालाच नाही. "मन्हा मानूस काम व्हयनं का उठाले जोयजे," ती म्हणाली. तिच्या माणसाने काम झालं की फोन ठेवून उठावं, एवढंच. इतक्या मोठ्या गोष्टीचं कारण इतकं साधं असेल आणि ते उधन्याच्या रिक्षात कुणी मला सांगेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

अक्का नम्र वगैरे अजिबात नव्हती. पाहुणे आले की ती दोन जुने फोन शेजारी-शेजारी ठेवायची, एकावर कंपनीचं अ‍ॅप, एकावर तिचं, आणि दोन्ही एकदम उघडायची. कंपनीचं अजून गरगरत असतानाच तिचं वाचायला लागलेलं असायचं. मग "बघा!" असं म्हणून ती पाहुण्यांकडून कौतुक वसूल करायची. तिचा नवरा, आमचे दाजी, हजीऱ्याच्या एका कारखान्यात कामाला होते. कारखान्याच्या बसमधून उतरून घरात पाऊल टाकलं की म्हणायचे, "माझ्या बायकोची पण कंपनी आहे. मालक एक, कामगार एक, आणि बोलणी खाणारा एक." अक्का हसायची नाही. आमच्या घरी येऊन मात्र तेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगायची.

तिची एक चूकही सांगितली पाहिजे, कारण ती चूक फक्त तीच करू शकली असती. तोवर तिचं अ‍ॅप बरेच जण वापरू लागले होते. एके दिवशी परभणीकडचे एक लूमवर काम करणारे काका तिच्या दारात येऊन उभे राहिले. मी तिथेच होतो. काकांचा आवाज रागाने थरथरत होता. "बाई, माझ्या पोरानं मला कधी अरे म्हणलं न्हाई, आन् तुमचं हे यंत्र मला अरे-तुरे करतंय!" झालं होतं असं, की लिहिलेलं पुसायला गेलं की अक्काचं अ‍ॅप विचारायचं, "पुसू का रे भाऊ?" सगळ्यांनाच, बायाबापड्यांनाही. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. अक्का आधी काकांशी भांडली, मग चहा केला, आणि चहा गाळताना तिच्या लक्षात आलं की अ‍ॅपमधला शब्दन् शब्द तिने माझ्याशी बोलत बोलत लिहिला होता. तिने तिथल्या तिथे "पुसायचं का?" असं केलं. काका समाधानाने गेले. माझ्या फोनवर मात्र तिने जुनंच ठेवलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

मग कंपनीने बाहेरच्यांनी बसवलेली सगळी दारं बंद करायचं ठरवलं. बातमी गटातूनच आली, अक्काच्याच अ‍ॅपने मला वाचून दाखवली. ते दार बंद झालं की मी पुन्हा "नाव नसलेलं बटण" ऐकत बसणार, आणि काही दिवसांनी तेही नाही. मी अक्काला फोन केला तर ती माझ्यावरच खेकसली, "कसाले घाबरस रे भाऊ? मी शे ना!" पण आवाज तिचाही कोरडा पडला होता.

तिने कंपनीला लिहायला सुरुवात केली. उत्तर नाही, तरी लिहिते आहे. एका पत्रात तिने माझ्या त्या हसणाऱ्या तोंडाची हकिगत घातली. लाज वाटली, पण मी हो म्हटलं. अखेर कुणीतरी वाचलं. उत्तर आलं की ज्यांना दिसत नाही अशांपुरतं हे अ‍ॅप चालू राहील. डोळस माणसांनी कंपनीच्याच अ‍ॅपवर यायचं, हे मान्य असेल तर.

अक्काचं अ‍ॅप वापरणारी बहुतेक माणसं डोळस होती. जुने फोन असलेले दुकानदार, लूमवरचे, घरकाम करणाऱ्या बाया. तिने त्यांच्यासमोर दोन फोन ठेवून कौतुक घेतलं होतं, आणि आता त्यांनाच बाहेर जायला सांगायचं होतं. तिने जितक्यांना जमलं तितक्यांना स्वतः फोन केले. काही रागावले. कामरेजचा एक टायरवाला म्हणाला, "अक्का, मला आंधळा लिहून टाक ना, डॉक्टरचा कागद आणतो." मी हसलो. अक्का मात्र त्याच्यावर अशी बरसली की मी उठून उभा राहिलो. "खोटं सापडनं तं दार कोनं बंद व्हई? तुनं नही, मन्हा भाऊनं!"

सगळे बाहेर गेले. मग मी सहज विचारलं, "अक्का, तुनं काय?" ती म्हणाली, "माले डोया शेतस ना." तिला डोळे होते, म्हणजे तिनेही बाहेर जायचं, ही मला आधी थट्टा वाटली. मी म्हटलं, अगं, बनवलंस तू, तुला कोण विचारणार, कुणाला कळणार? ती हळूच म्हणाली, "मी बनाडं म्हनीसन माले सूट का?" आणि तिने स्वतःचं नाव काढून टाकलं. कंपनीच्या अ‍ॅपवर ती कधीच गेली नाही, ते माणसाला अडकवून ठेवतं म्हणायची. म्हणजे ज्या गटासाठी हा सगळा खटाटोप, त्या गटातून अक्काच नाहीशी झाली. मी माणसांचा मोठेपणा पुष्कळ ऐकला आहे. इतक्या जवळ बसून, इतक्या शांतपणे घडलेला मात्र हा एकच.

दुरुस्त्या ती करतच राहिली. नवीन काही बसवलं की रविवारी आमच्या घरी यायची, मी फोन चालवायचो आणि ती शेजारी बसून ऐकायची. कुठे अडखळलं की "हाई काढ" असं स्वतःलाच सांगायची. गटातलं बोलणं चालू असे तेव्हा ती नुसती कामासाठी ऐकते आहे असं दाखवायची. पण कुणाच्या घरी नातवंड झाल्याचं आलं की तिचा श्वास अडकायचा, ते मला ऐकू यायचं.

दाजी निवृत्त झाले आणि दोघांनी नंदुरबारला परत जायचं ठरवलं. जायच्या आधीच्या रविवारी ती आली. सविताने कढी-खिचडी केली होती. जेवण झाल्यावर नेहमीसारखा मी गट उघडला. दोनतीन इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या आणि फोनने वाचलं, "मंगेश लिहितात: मंडळी, आपली अक्का कुठे आहे? किती दिवस झाले, तिचा एक शब्द नाही. बरी आहे ना?" खाली बरेच जण तेच विचारत होते. कुणाला वाटत होतं ती रागावली, कुणाला वाटत होतं ती आजारी आहे. एकाने लिहिलं होतं की आम्हाला बाहेर काढून ती मोठी झाली, आता कशाला बोलेल?

फोन थांबला. "उत्तर द्या," एवढंच म्हणून वाट बघत राहिला. मला राग आला होता. सगळं सांगून टाकतो, मी म्हणालो, एकेकाला कळू दे तू काय केलंस ते. अक्काने माझा हात धरून ठेवला. सविताही आतून येऊन उभी राहिली होती.

"काय लिखू?" मी विचारलं.

"लिख," ती म्हणाली, "अक्का शे. ऐकी राह्यनी."

मी तेवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.